वाचकांचे प्रश्न : सायलेन्सर लावला तरी आवाज होतोच

प्रश्न : मी एक युद्धकथा लिहितोय. त्यात कमांडो रात्री पिस्तुलाला सायलेन्सर लावून पहारेकऱ्याला मारतो आणि बाजूच्या खोलीत झोपलेल्यांना पत्ताही लागत नाही. मित्राने वाचून सांगितलं की हे साफ खोटं आहे. खरंच का? मग सीनच उडवू का?

उत्तर : मित्राचं बरोबर आहे, पण सीन उडवू नका, उलट आता तो जास्त चांगला होईल. बंदुकीचा आवाज साधारण 160 डेसिबलच्या आसपास असतो आणि चांगला सायलेन्सर त्यातले 20 ते 30, फार तर थोडे जास्त कमी करतो, म्हणजे उरलेला आवाजही बाजूच्या खोलीतल्या माणसाला उठवायला भरपूर आहे. सायलेन्सर करतो काय, तर नळीतून सुसाट बाहेर पडणाऱ्या गरम वायूला आतल्या कप्प्यांमध्ये अडवून हळूहळू सोडतो, बस. गोळी स्वतः आवाजाच्या वेगापेक्षा जास्त वेगाने जात असेल (हवेत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण 343 मीटर) तर ती वाटेत जो चाबकासारखा कडाका काढते त्याला सायलेन्सर काहीच करू शकत नाही. त्यासाठी मुद्दाम कमी वेगाची काडतुसं वापरतात, पण मग लांबचा मारा विसरायचा. शिवाय पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागेपुढे आपटते तो खटका वेगळा आणि रिकामं काडतूस फरशीवर टणकन पडतं ते वेगळं. ते टणकन मला फार आवडतं, तुमच्या कमांडोला त्या क्षणी त्याचीच भीती वाटू द्या, आत कुणीतरी कूस बदलली की काय म्हणून तो श्वास रोखून उभा राहू दे.

आणि एक, रिव्हॉल्व्हरला सायलेन्सर लावू नका. फिरतं चक्र आणि नळी यांच्यात फट असते, वायू तिथूनच निसटतो. 1895 चं रशियन नागां रिव्हॉल्व्हर याला अपवाद, त्यात चक्र पुढे सरकून फट बंद होते, पण ते कथेत आणायचं तर नीट कारण हवं.

प्रश्न : मी कधी सैन्यात नव्हते. चूक होऊ नये म्हणून खूप वाचून पहिल्या प्रकरणात रायफलचं मॉडेल, कॅलिबर, वजन, रेंज सगळं घातलंय, दीड पान झालंय. वाचणारे म्हणतात कंटाळा येतो. किती माहिती द्यावी?

उत्तर : तुम्ही मेहनत घेतलीत याचा मनापासून आनंद झाला, पण ते दीड पान काढा. जी रायफल रोज उशाशी असते तिचं कॅलिबर सैनिक मनात घोकत बसत नाही, त्याच्या डोक्यात असतं ते मॅगझिनमध्ये, म्हणजे गोळ्यांच्या पेटीत, किती गोळ्या उरल्यात. एके-47 चं मॅगझिन 30 गोळ्यांचं आणि वेग मिनिटाला 600 च्या आसपास, म्हणजे चाप दाबून धरला तर तीन सेकंदात खेळ खलास, त्यामुळे नायक पानभर फायरिंग करतोय असं लिहिलंत की जाणकार वाचक तिथेच पुस्तक मिटतो. आता जवळून बघा, एम-4 रायफल रिकामी झाली की बोल्ट (गोळी नळीत ढकलणारा सरकता भाग) मागेच अडकून राहतो, हाताला लगेच कळतं. साध्या एके-47 मध्ये तसं होत नाही, बोल्ट पुढे येऊन बसतो आणि पुढच्या वेळी चाप ओढला की नुसतं ‘टक’. समोर शत्रू आणि हातात ते टक! म्हणून काही सैनिक मॅगझिनमधल्या शेवटच्या दोनतीन गोळ्या ट्रेसर, म्हणजे जळत जाणाऱ्या, ठेवतात, उजेडाची रेघ दिसली की समजायचं, आता बदलायची वेळ. ही एक ओळ तुमच्या दीड पानापेक्षा जास्त सांगते, कारण तिच्यात माणूस आहे.

स्नायपरचंही तसंच. 1000 मीटरवर गोळी पोचायला दीड सेकंदाहून जास्त वेळ लागतो, तेवढ्यात समोरचा माणूस एक पाऊल टाकू शकतो, खाली वाकू शकतो. त्या दीड सेकंदात स्नायपरला काय वाटतं ते लिहा ना.

ग्रेनेडची पिन मात्र दातांनी काढायला लावू नका, तिची टोकं वाकवलेली असतात, दात हलतील. आणि पिन काढली म्हणजे स्फोट सुरू झाला असंही नाही, ग्रेनेडच्या बाजूची पट्टी, म्हणजे लिव्हर, सुटल्यावर चारपाच सेकंदांचा हिशेब सुरू होतो. लिव्हर घट्ट दाबून धरलेला जखमी माणूस, बोटं बधिर होत चाललेली, यावर अख्खं प्रकरण उभं राहील.

प्रश्न : रेडिओवर ‘ओव्हर अँड आउट’ म्हणतात ना?

उत्तर : नाही. ओव्हर म्हणजे माझं झालं, आता तू बोल, आणि आउट म्हणजे बोलणं संपलं, दोन्ही एकदम कसं म्हणणार? ‘रॉजर’ म्हणजे फक्त ऐकलं, ‘विल्को’ म्हणजे ऐकलं आणि करतो. आणि नीट ऐकू आलं नाही तर ‘रिपीट’ म्हणत नाहीत, ‘से अगेन’ म्हणतात, कारण तोफखान्याच्या भाषेत रिपीटचा अर्थ त्याच जागी परत मारा करा असा होतो. तुमच्या घाबरलेल्या नव्या रेडिओवाल्याच्या तोंडून तो शब्द चुकून निघाला तर पुढचं प्रकरण तिथूनच सुरू करा.