वहीतली कंबर

"दुकानातले कपडे अंगाला होत नाहीत म्हणून मी शिवण शिकले. पण आता मापं घ्यायची वेळ आली की रडूच येतं. शिवताना तर आपलं शरीर आणखीच डोळ्यांसमोर येतं. सोडून देऊ का हे सगळं?"

हा प्रश्न थोड्याफार फरकाने मला बऱ्याच जणींनी विचारला आहे. उत्तरादाखल एकीची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

ती पस्तिशीची. खुर्चीत बसली की पर्स पोटावर धरायची ती उठेपर्यंत. ट्रायल रूममध्ये चेन अर्ध्यावर अडकली की घामाघूम व्हायची. त्यातून सुटका म्हणून तिने शिलाई मशीन घेतलं होतं. समुपदेशनाच्या तिसऱ्या भेटीत तिने पिशवीतून तीन टॉप काढून माझ्यासमोर ठेवले. काम इतकं सुबक की मी बघतच राहिले. बाही मुंढ्यात एकही चुणी न पडता बसवली होती, आणि ज्यांनी कधी बाही जोडलीय त्यांना त्यातली मेहनत कळेल. पण तिन्ही टॉप कमरेला अडकत होते.

"इतकं शिकूनही होत नाही, म्हणजे दोष माझ्या अंगातच आहे," ती म्हणाली.

मी मापांची वही मागितली. कंबर चौतीस.

"टेपवर किती आली होती?"

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "सदतीस. पण बेतताना चौतीस धरली. शिवून होईपर्यंत कमी होईल, असं वाटलं."

एकदा नाही, तीनदा. सदतीसच्या कमरेसाठी चौतीसचा टॉप बेतला आणि कापडाने सांगितलं तेवढंच केलं. शिवाय शिवणीत माया जेमतेम पाव इंच, म्हणजे उसवून सैल करायचीही सोय नाही. (शिवणीच्या आत राखलेल्या जादा कापडाला मराठीत माया म्हणतात. त्या शब्दावर काहीतरी छान बोलायचा मोह मला झाला होता. तो आवरला, बरंच झालं.)

आता माझी चूक. मी तिला म्हटलं, घरी आरशासमोर उभं राहून खरी मापं घे आणि लिहून आण. मला वाटलं, आकड्याची भीती आकड्याला सामोरं गेल्याने जाईल. पुढच्या आठवड्यात ती आली ती न झोपलेल्या चेहऱ्याने. तिने सात दिवसांत अकरा वेळा कंबर मोजली होती. सकाळी साडेछत्तीस, जेवणानंतर अडतीस. टेप श्वासाबरोबर, पोटातल्या अन्नापाण्याबरोबर, बोटांच्या ताणाबरोबर पुढेमागे होतो, हे शिवणाऱ्या माणसाइतकं दुसऱ्या कुणाला माहीत असणार? पण ती मोजत होती ते शिवण्यासाठी नव्हतंच. पुन्हा पुन्हा मोजणं, चिमटीत पोट धरून बघणं, काचेत ओझरतं निरखणं, याने क्षणभर बरं वाटतं आणि चिंता वाढत जाते. मला हे ठाऊक असायला हवं होतं. ठाऊक होतंही, पण तिच्या हातातल्या कौशल्याने मी भारावले होते.

मग आम्ही नियम बदलला. मापं एकदाच, आणि ती बहिणीने घ्यायची. वहीत लिहून झाली की टेप मशीनच्या ड्रॉवरमध्ये. पुढचं कापड बेतेपर्यंत तो बाहेर काढायचा नाही.

बहीण टेप लावत असताना तिने श्वास रोखून धरला. बहिणीने हसून विचारलं, "पोट का आत घेतेस?" आणि तिला आठवलं, तेराव्या वर्षी शिंप्याकडे मापं देताना आई शेजारून म्हणायची, "अगं, पोट आत घे ना." तेव्हापासून कुणी टेप लावला की तिचा श्वास आपोआप वर जायचा. आईने ते सहज म्हटलं असणार. पुढच्या दोन भेटी आम्ही या एका वाक्यावरच बोललो.

आरसा आम्ही नंतर आणला. डोक्यापासून पायापर्यंत शरीराचं फक्त वर्णन करायचं, शेरा मारायचा नाही, असा एक सराव समुपदेशनात करून घेतात. तिला तो जमेना. "बेढब", "थुलथुलीत" याशिवाय शब्दच सुचेनात. मी म्हटलं, हे अंग तुझं नाही, गिऱ्हाइकाचं आहे असं समज आणि बेतण्यापुरतं सांग. मग ती बोलायला लागली. "डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच उतरता. पाठ वर थोडी गोल. कंबर आखूड, नितंबाचा उतार लांब." शिवणकामाच्या भाषेत उतार आहे, गोलाई आहे, लांबी आहे. शिवी नाही.

जुन्या चादरीचा कच्चा टॉप शिवून बघितला तेव्हा छातीवर आडव्या चुण्या पडल्या. म्हणजे तिथे रुंदी कमी. खांद्यापासून तिरकी चुणी, म्हणजे खांद्याचा उतार चुकलाय. चुणी पडली की ज्यावरून कापड बेततो तो कागद बदलायचा.

एकदा तिने विचारलं, मग दुकानातलं माप नेमकं कुणाचं असतं? मी तिला सांगितलं, की अमेरिकेच्या कृषी खात्याने १९३९-४० मध्ये सुमारे १५,००० स्त्रियांची प्रत्येकी ५९ मापं घेतली होती आणि शेवटी हिशेबात धरल्या त्या फक्त गोऱ्या स्त्रिया. त्या मोजणीच्या आधारे १९५८ मध्ये तयार कपड्यांचं प्रमाण-माप ठरलं आणि १९८३ मध्ये ते मागेही घेतलं गेलं.

"एकोणसाठ मापं घेऊनही जमलं नाही त्यांना," ती म्हणाली. त्या दिवशी पहिल्यांदा मनापासून हसली.

शिवण म्हणजे औषध, असं मी म्हणणार नाही. जेवण टाळणं, खाल्लेलं ओकून काढणं, तासन्‌तास आरशापुढे जाणं, लोकांत जायचंच बंद होणं, यातलं काही असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. मशीन नंतर. आणि मापं घेताना रडू येत असेल तर शिवण सोडू नका, मापं दुसऱ्या कुणाला घ्यायला सांगा.

चौथा टॉप तिने सदतीसवर बेतला, वर ढील धरून. बसल्यावर कंबर इंच-दीड इंच वाढते, हेही तिने या वेळी हिशेबात घेतलं. तोच घालून ती आली. पर्स पोटावरच होती, तेवढं खरं.

"पोट अजून आवडत नाही मला," ती म्हणाली. "पण आज दिवसभर त्याची आठवण झाली नाही."

"आणि वजन कमी झालं तर?"

"शिवण आत घेईन."

"वाढलं तर?"

तिने टॉपची कड उलटून बाजूची शिवण दाखवली. "इंचभर माया ठेवलीय."