मॅन्युअल गिअरची गाडी शिकतेय, पण क्लच सोडला की गाडी बंद पडते. काय चुकतंय?

तुमच्या या एका प्रश्नात मला चार प्रश्न दिसतात: क्लच सोडला की गाडी बंद का पडते, चढावर ती मागे घसरेल या भीतीचं काय करायचं, कोणता गिअर कधी टाकायचा, आणि एवढा त्रास घेण्यापेक्षा सरळ ऑटोमॅटिकच शिकावी का. मी सर्वांत जास्त वेळ पहिल्यावर घालवणार आहे, कारण तो सुटला की दुसरा निम्मा आपोआप सुटतो.

‘क्लच हळू सोडा’ असं तुम्हाला सांगितलं गेलं असेल. सगळ्यांनाच सांगतात. माझ्या मते हा सल्ला अर्धवट आहे. घरच्या आणि ओळखीच्या बऱ्याच जणांना गाडी शिकवताना मी शेजारी बसलोय. त्यातल्या बहुतेकांचा क्लच हळूच सुटत असतो आणि तरीही गाडी बंद पडते. कारण क्लच नुसता हळू सोडायचा नसतो, वाटेत एका जागी थांबवायचा असतो.

ती जागा कुठली आणि तिथे थांबायचं कशासाठी, हे कळायला आत काय चाललंय ते पाहावं लागेल. इंजिन चालू आहे आणि ॲक्सिलरेटरवर पाय नाही, तेव्हाही ते मिनिटाला साधारण ७०० ते ९०० फेरे मारत असतं. चाकं मात्र उभी. फिरणारं इंजिन आणि उभी चाकं यांना एकदम जोडलं तर दोघांपैकी एकाला माघार घ्यावी लागते, आणि ती इंजिनच घेतं. म्हणून मध्ये क्लच. इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील नावाची जड चकती फिरत असते. तिच्यासमोर क्लच प्लेट असते, दोन्ही अंगांना घर्षणाचं अस्तर असलेली, आणि ती गिअरबॉक्सला जोडलेली असते. एरवी प्रेशर प्लेट स्प्रिंगच्या जोरावर क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर घट्ट दाबून धरते, त्यामुळे इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र फिरतात. पेडल दाबलं की तो दाब निघतो आणि प्लेट मोकळी होते. थोडक्यात, हे पेडल दाबणं म्हणजे तोडणं आणि सोडणं म्हणजे जोडणं. बाकी दोन्ही पेडलं दाबल्यावर काम करतात, हे सोडताना करतं. सुरुवातीला पाय गोंधळतो तो यामुळेच.

पेडल तळापासून वर येऊ लागलं की आधी काहीच होत नाही. मग एका ठिकाणी प्लेट फ्लायव्हीलला टेकते आणि घासू लागते. हाच बाइटिंग पॉइंट, किंवा बोलीत हाफ क्लच. प्लेट घसरत घसरत फिरू लागते, चाकं हलतात, गाडीचा वेग वाढतो, आणि दोन्ही बाजूंचे फेरे जुळले की घसरणं थांबतं. त्यानंतर पेडल पूर्ण सोडलं तरी गाडीला पत्ता लागत नाही. हे जुळून यायला सेकंद-दोन सेकंद लागतात. तेवढा वेळ पाय तिथे थांबला नाही, तर उभ्या गाडीचा सगळा भार एकदम इंजिनावर येतो, फेरे पडतात आणि ते बंद होतं. तळापासून त्या जागेपर्यंत तुम्ही कितीही सावकाश आलात आणि तिथून पाय सटकला, तर आधीचा सगळा सावकाशपणा वाया. उलट तळापासून तिथपर्यंत पाय झटकन आला तरी काही बिघडत नाही.

म्हणून माझा आग्रह असा की पहिल्या दिवशी ॲक्सिलरेटरला पाय लावूच नका. सपाट, मोकळी जागा शोधा. सीट इतकी पुढे घ्या की क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहील. बरेच जण सीट फार मागे ठेवतात, मग क्लच पूर्ण दाबलाच जात नाही आणि गिअर खरखरतो. चप्पल नको, जाड तळव्याचे बूट नकोत. क्लच पूर्ण दाबा, पहिला गिअर टाका, हँडब्रेक काढा, ब्रेक सोडा आणि क्लच वर आणत जा. एका क्षणी इंजिनाचा आवाज जड होईल, सीटखाली हलकी थरथर जाणवेल, टॅकोमीटरचा, म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या मीटरचा, काटा जरा खाली येईल. तिथे पाय गोठवा. गाडी स्वतःहून सरकू लागेल. ती नीट सरकेपर्यंत पाय तसाच ठेवा, मग उरलेलं पेडल सोडा. आता क्लच आणि ब्रेक दाबून थांबा आणि परत पहिल्यापासून करा. कंटाळा येईपर्यंत करा. कंटाळा आला म्हणजे पायाला ती जागा सापडली.

डिझेल गाडीत हे सोपं जातं, कारण डिझेल इंजिनाचा कमी फेऱ्यांवरचा ओढा दांडगा असतो. छोट्या पेट्रोल इंजिनाला कधी कधी किंचित रेस द्यावी लागते. पण हल्लीच्या गाड्यांत फेरे पडू लागले की इंजिनाचा कंट्रोल युनिट स्वतःच त्यांना सावरतो, त्यामुळे सपाटीवर बहुतेक पेट्रोल गाड्याही नुसत्या क्लचवर निघतात.

हे जमलं की मगच ॲक्सिलरेटर. आधी थोडी रेस देऊन काटा १२०० ते १५०० च्या आसपास स्थिर करा, मग क्लच त्या जागी आणा. क्लच वर येताना उजवा पाय हलवू नका. नवशिका घाबरून नेमका तेव्हाच उजवा पाय उचलतो.

गाडी गचके खाऊ लागली तर क्लच तळाला दाबा. ब्रेक नाही, ॲक्सिलरेटर नाही, आधी क्लच. गचके त्याच क्षणी थांबतील. होतं असं की गाडी उसळते तसा पायही पेडलवर उसळतो, त्याने गाडी आणखी उसळते, आणि हे चक्र चालूच राहतं. उजव्या पायाची टाच जमिनीला टेकलेली असेल तर हे सहसा होत नाही.

आणि बंद पडली तर? क्लच आणि ब्रेक दाबा, न्यूट्रल करा (म्हणजे कुठलाच गिअर नको), चालू करा, परत निघा. मागून हॉर्न वाजला तर वाजू द्या. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा: इंजिन बंद पडलं की ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन दाबांत संपते आणि पेडल दगडासारखं कडक होतं. ब्रेक तेव्हाही लागतो, फक्त पायाचा पूर्ण जोर लावावा लागतो. म्हणून उतारावर गाडी बंद पडली तर ब्रेक सारखा सोडून-दाबून बघत बसू नका. एकदा घट्ट दाबून धरा आणि हँडब्रेक ओढा.

आता चढ. हँडब्रेक ओढून ठेवा, पहिला गिअर टाका, सपाटीपेक्षा थोडी जास्त रेस द्या आणि क्लच त्या ओळखीच्या जागी आणा. गाडीचं नाक किंचित वर उचलल्यासारखं वाटेल आणि मागचा भाग बसल्यासारखा. आता हँडब्रेक सोडा. गाडी मागे जाणार नाही, कारण ती आधीच पुढे ओढली जातेय. नाक उचललेलं नसेल तर हँडब्रेक सोडूच नका, घाई कुणालाही असो. काही गाड्यांत हिल होल्ड असतो. ब्रेकवरचा पाय काढल्यावर तो गाडीला दोनेक सेकंद धरून ठेवतो आणि मग सोडून देतो. त्याच्या भरवशावर शिकू नका. तो नसलेली गाडी कधीतरी हातात येणारच.

चढावर ट्रॅफिकमध्ये उभं राहताना हाफ क्लचवर गाडी तरंगत ठेवणारे खूप दिसतात. त्यांना ते कौशल्य वाटतं. खरं म्हणजे तेवढा सगळा वेळ क्लच प्लेट घासून तापत असते, आणि मग तो कुबट, जळका वास येतो. थांबायचं असेल तर ब्रेक किंवा हँडब्रेक लावा आणि न्यूट्रल करा. तसंच, चालवताना डावा पाय क्लचवर नुसता टेकवून ठेवायची सवय लावून घेऊ नका. त्या हलक्या वजनानेही प्लेटवरचा दाब कमी होऊ शकतो आणि रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेटवर जोर देणारा भाग, विनाकारण झिजतं. बाजूला पाय ठेवायला जागा असते, ती त्यासाठीच.

गिअर कधी बदलायचा याचा तक्ता पाठ करू नका. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचे साधारण साडेतीन फेरे होतात तेव्हा गिअरबॉक्समधून बाहेर एक फेरा जातो. म्हणून ओढा जास्त आणि वेग कमी. वरच्या गिअरमध्ये इंजिनाच्या एका फेऱ्याला बाहेर एकापेक्षा जास्त फेरा मिळतो. तिथे वेग आहे, ओढा नाही. पहिला गिअर फक्त गाडी हलवण्यापुरता असतो. गाडी नीट चालू लागली की लगेच दुसरा. तिथून पुढे कान वापरा. आवाज चढत चाललाय आणि गाडीला अजून वेग हवाय, तर वरचा गिअर. रेस देऊनही गाडी उचल घेत नाही, खालून घरघर किंवा हादरे जाणवतात, तर खालचा. आकडाच हवा असेल तर निवांत चालवताना पेट्रोलला २००० ते २५०० आणि डिझेलला १५०० ते २००० फेऱ्यांच्या दरम्यान वरचा गिअर टाका. गाडीगणिक यात फरक पडतो.

लिव्हर मुठीत आवळू नका, तळव्याने ढकला. न्यूट्रलमध्ये सोडली की लिव्हर स्प्रिंगमुळे आपोआप तिसऱ्या-चौथ्याच्या रांगेत येते. त्यामुळे दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना हात सैल सोडून नुसतं पुढे ढकललं तरी पुरतं. जोराने बाजूला रेटणाऱ्यांचा हात पहिल्यावर किंवा पाचव्यावर जातो. सर्वांत वाईट चूक म्हणजे वेगात असताना पाचव्यावरून चौथ्याऐवजी दुसरा पडणं. इंजिनाचे फेरे एकदम मर्यादेबाहेर जातात आणि तिथे रेव्ह लिमिटरही काही करू शकत नाही, कारण तो फक्त इंधन तोडतो आणि इथे इंजिनाला चाकंच फिरवत असतात. असं झाल्याची शंका आली तर क्लच अजिबात सोडू नका. इंजिन बंद ठेवून, उभ्या गाडीत, नजर समोर ठेवून गिअर टाकायची तालीम करा. फुकटची आणि फार उपयोगी तालीम आहे.

गिअर रुतत नसेल तर रेटू नका. पूर्वी चालत्या गाडीत गिअर बदलताना डबल क्लच करावा लागे, म्हणजे न्यूट्रलमध्ये क्लच एकदा सोडून पुन्हा दाबायचा. १९२८ मध्ये कॅडिलॅकने सिंक्रोमेश आणलं आणि हा खटाटोप हळूहळू गेला. आता आतल्या रिंगाच दातांचे वेग जुळवतात, त्यांना फक्त अर्धा क्षण द्यायचा. रिव्हर्सला मात्र बऱ्याच गाड्यांत ही सोय नसते. गाडी पूर्ण थांबवा, क्लच दाबून दोन-तीन सेकंद थांबा आणि मग टाका. तरी अडला तर एकदा दुसरा कुठला गिअर टाकून परत प्रयत्न करा.

थांबताना शिकाऊ माणूस आधी क्लच दाबतो, कारण बंद पडायची भीती मनात असते. त्याने इंजिनाचा अटकाव सुटतो आणि गाडी उलट पुढे पळाल्यासारखी वाटते. आधी ब्रेक दाबा. वेग बराच उतरला, इंजिन आयडलच्या, म्हणजे रेस नसतानाच्या फेऱ्यांच्या, जवळ आलं की मग क्लच. अचानक थांबायचं असेल तर दोन्ही एकदम दाबा, तिथे नियम बघत बसू नका. वळणाआधी वेग कमी करून गिअर बदला आणि क्लच पूर्ण सोडूनच वळा. लांब उतारावर न्यूट्रल नको. नुसत्या ब्रेकवर उतरलात तर ते तापून निकामी होऊ शकतात. न्यूट्रलमध्ये इंधन वाचतं हाही गैरसमज आहे. आजच्या इंजिनांत गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधन जवळजवळ बंदच होतं, आणि न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते लागतं.

राहिला ऑटोमॅटिकचा प्रश्न. पुढे ऑटोमॅटिकच चालवणार हे नक्की असेल तर खुशाल तीच शिका, त्यात कमीपणा काही नाही. फक्त परवान्याचा नियम आधी बघा. अनेक देशांत ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर त्या परवान्यावर मॅन्युअल चालवता येत नाही. मॅन्युअलवर दिली तर दोन्ही चालतात. पुढे काय चालवणार ते नक्की नसेल तर मॅन्युअल सोडू नका. तुम्ही अडलाय ती जागा पेडलच्या एक-दोन इंचांतली आहे. प्रत्येक गाडीत ती थोडी वेगळीकडे असते, आणि जुनी प्लेट झिजत गेली की बऱ्याचदा वर सरकते. त्यामुळे दुसऱ्या कुणाची गाडी घेतलीत, तर रस्त्याला लागण्याआधी उभ्या जागी एकदा ती शोधा.