दम लागला की फक्त निळा पंप, एवढं पुरतं का?

नाही, पुरत नाही. तुमचा भाऊ मखमलाबादच्या द्राक्षबागेत भुरी या बुरशीरोगासाठी गंधक धुरळतो, धाप लागली की निळा पंप ओढतो, बरं वाटलं की विसरतो, असं तुम्ही लिहिलंय. त्यातलं साल्ब्युटामॉल आवळलेल्या श्वासनळ्या तेवढ्यापुरत्या सैल करतं. आतली सूज तशीच राहते, आणि खरा धोका तिचाच. म्हणून २०१९ पासून ‘जिना’ ही दम्यावरची जागतिक संस्था नुसत्या निळ्या पंपावर राहू नका असं सांगते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सिग्मा-१ चाचणीत सौम्य दम्याच्या रुग्णांनी गरजेपुरता ब्युडेसोनाइड (सूज कमी करणारं स्टेरॉइड) आणि फॉर्मोटेरॉल (श्वासनळ्या सैल करणारं औषध) यांचा एकत्र पंप घेतला. फक्त श्वासनळ्या सैल करणारा पंप घेणाऱ्यांपेक्षा त्यांना तीव्र झटके ६४ टक्के कमी आले. हा फरक लहान नाही!

‘स्टेरॉइडच्या पंपाची सवय लागते’ ही भीती मात्र मनातून काढाच. डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, थेट फुप्फुसात जातो. पंप दाबताना सावकाश श्वास ओढायचा, दहा सेकंद रोखायचा, मग चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात बुरशी धरते.

गंधकाचं काम शक्यतो दुसऱ्या कुणाला द्या. आणि पंप परस्पर बदलू नका, भावाला या आठवड्यातच छातीच्या डॉक्टरांकडे न्या.