मराठवाड्यात एवढं काळंभोर आकाश असताना ताऱ्यांच्या अतिनील वर्णपटासाठी दुर्बीण अवकाशात कशाला पाठवायची?

तुम्ही विचारलंय की अंबाजोगाईजवळच्या तुमच्या गावात माळवदावरून आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी दिसते, तर बालाघाटच्या एखाद्या डोंगरावर मोठी दुर्बीण बसवून हे काम का होऊ नये? आणि बी.एस्सी.च्या पोराला घरी बसून यात काही करता येईल का? पहिल्याचं उत्तर नाही, दुसऱ्याचं हो. मी लातूरला कॉलेजात फिजिक्स शिकवतो, त्या हिशेबाने सांगतो.

इथे अंधार कामाला येत नाही. आडवा येतो तो ओझोन, आणि तो आहे साधारण 20-30 किलोमीटर वर. 300 नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश तो जवळजवळ खाली येऊच देत नाही. लडाखमध्ये हानलेची दुर्बीण 4,500 मीटर उंचीवर आहे, तरी ती ओझोनच्या खालीच. औंढा नागनाथला लायगो, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा, होऊ शकते, कारण गुरुत्वीय लहरींना वातावरणाचं काही देणंघेणं नसतं. अतिनीलचं तसं नाही.

आणि बरंच आहे म्हणा. लहानपणी ट्रॉलीचं वेल्डिंग चाललेलं मी तासभर टक लावून बघत बसलो होतो. रात्री डोळ्यांत वाळू ओतल्यासारखं झालं, आजीने बटाट्याच्या चकत्या ठेवल्या डोळ्यांवर. ते वेल्डिंगच्या ठिणगीतलं अतिनील. सूर्याकडून येणारं त्याच जातीचं अतिनील ओझोन वरच्यावर गिळतो.

पण खगोलवाल्यांना नेमकं तेच हवं असतं. वर्णपट म्हणजे प्रकाश तरंगलांबीनुसार फोडून काढलेला आलेख; त्यात प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या जागी पडतात. दुर्बिणीतला फोटो म्हणजे शेताचा नकाशा, वर्णपट म्हणजे सातबारा: आत काय आहे, किती आहे, ते तिथे कळतं. आणि हायड्रोजन, कार्बन, ऑक्सिजन यांच्या सगळ्यात ठळक रेषा अतिनीलमध्येच पडतात. हायड्रोजनची 121.6 नॅनोमीटरला, तीन इलेक्ट्रॉन गमावलेल्या कार्बनची जोडी 155 च्या आसपास, पाच गमावलेल्या ऑक्सिजनची 103 ला. शिवाय 30,000 अंशांचा तारा सगळ्यात जास्त झळकतो तोच मुळी 100 नॅनोमीटरच्या आसपास. आपल्याला दिसतो तो त्याचा उरलासुरला प्रकाश.

एम.एस्सी.ला मी झीटा पपिस या ताऱ्याचा वर्णपट घेतला होता. इंटरनॅशनल अल्ट्राव्हायोलेट एक्स्प्लोरर या अवकाश दुर्बिणीचा, म्हणजे आययूईचा. आरसा अवघा 45 सेंटिमीटरचा, पण 1978 ते 1996 चालली आणि लाखभर वर्णपट देऊन गेली. कार्बनची रेष 1548 आंगस्ट्रॉमला (दहा आंगस्ट्रॉम म्हणजे एक नॅनोमीटर) हवी, तर माझ्या आलेखात प्रकाश खाल्लेला भाग निळ्या, म्हणजे कमी तरंगलांबीच्या बाजूला बाराएक आंगस्ट्रॉम पसरलेला; प्रकाश देणारी वस्तू आपल्याकडे येत असली की रेषा अशी सरकते. मी गणित केलं आणि छाती फुगवून लिहिलं की तारा सेकंदाला 2,300 किलोमीटरने आपल्याकडे येतोय. सर हसले. म्हणाले, मग आलेखात शेजारीच जास्त प्रकाशाचा तो उंचवटा आहे, तो जागच्या जागी कसा?

तिथे डोक्यात उजेड पडला. तारा कुठे धावत नाही. त्याच्यापासून चहूबाजूंनी वारा सुटलाय. आपल्या आणि ताऱ्याच्या मधला वायू आपल्याकडे येतो, तो प्रकाश शोषतो आणि ती रेष निळीकडे सरकते. आजूबाजूचा वायू चमकतो, त्याचा उंचवटा मूळ जागी राहतो. आपल्या सूर्याचा वारा सेकंदाला 400 किलोमीटरच्या आसपास, आणि वस्तुमान तर झीटा पपिस दर सेकंदाला सूर्याच्या कोट्यवधी पट उधळतोय. जमिनीवरून हे इतकं स्वच्छ दिसलं नसतं.

दीर्घिकांचंही असंच. त्यांच्याभोवतीचा विरळ वायू स्वतः फारसा चमकत नाही, म्हणून त्याच्या पलीकडचा क्वेसार, म्हणजे एखाद्या दूरच्या दीर्घिकेचं अतितेजस्वी केंद्र, दिव्यासारखा वापरायचा आणि वाटेत कोणत्या रेषा खाल्ल्या गेल्या ते पाहायचं. हबलवर 2009 मध्ये बसवलेला कॉस्मिक ओरिजिन्स स्पेक्ट्रोग्राफ हेच करतो. आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहावर (2015) 38 सेंटिमीटरच्या दोन अतिनील दुर्बिणी आहेत. 2020 मध्ये पुण्याच्या आयुका या खगोल संशोधन संस्थेच्या गटाने त्यांतून 930 कोटी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेचा तीव्र अतिनील प्रकाश टिपला. तो फोटो होता, वर्णपट नव्हे. बातम्यांत याची सरमिसळ झालेली दिसते, म्हणून सांगितलं.

आता तुमचं काम. 'मास्ट' या इंटरनेटवरच्या संग्रहात आययूई, हबल आणि फ्यूज (हीसुद्धा अतिनील अवकाश दुर्बीणच) यांचे वर्णपट फुकट मिळतात. फाइल फिट्स प्रकारची असते, पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत अ‍ॅस्ट्रोपाय हे पॅकेज टाकलं की उघडते. साधा लॅपटॉप पुरतो. क्लासच्या नावाखाली कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

सुरुवात झीटा पपिसनेच करा. फेब्रुवारीच्या मध्यावर रात्री दहाच्या सुमारास माळवदावरून दक्षिणेकडे बघा, क्षितिजापासून तीसेक अंश वर. उजवीकडे वर व्याध असेल, उजवीकडे खाली अगस्ती. झीटा पपिसच्या जरा खाली त्याहून तेजस्वी एक तारा दिसेल, तो गॅमा वेलोरम. त्याचाही वर्णपट उतरवून घ्या. तिथला वारा इतका दाट आहे की खाचांपेक्षा उंचवटेच जास्त दिसतील, आणि पहिल्यांदा बघून तुम्हाला वाटेल की फाइलच चुकीची आलीय.