चेंगडूला येण्यापूर्वी: झाओ झियांग यांच्याविषयी

आपण ऑगस्टमध्ये नोकरीनिमित्त सिचुआन प्रांताच्या राजधानीत, चेंगडूला, राहायला येणार आहात आणि चिनी कम्युनिस्ट पक्षाचे 1989 मध्ये पदच्युत झालेले सरचिटणीस झाओ झियांग यांच्या आठवणींचे पुस्तक वाचून आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत: या सुधारकाविषयी येथील लोकांना काय वाटते, आणि सहकाऱ्यांशी हा विषय काढावा काय.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. आपण होऊन काढू नये. गप्पांत निघालेल्या अशा नावाचे ओझे समोरच्या चिनी माणसालाच वाहावे लागते. आपण काय, कंत्राट संपले की पुण्याला परत जाऊ. वीचॅटवर (येथील संदेशांच्या ॲपवर) ते नाव लिहू नये, आणि झाओंनी नजरकैदेत गुपचूप ध्वनिमुद्रित केलेल्या, 2009 मध्ये बाहेर छापल्या गेलेल्या त्या आठवणी सामानातून आणू नयेत.

पहिले उत्तर लांबणार आहे. भारतात आपल्याला झाओ आठवतात ते 19 मे 1989 च्या पहाटेचे: तिआनमेन चौकात हातात कर्णा घेऊन, आम्हाला यायला फार उशीर झाला, असे लोकशाहीच्या मागणीसाठी उपोषणाला बसलेल्या विद्यार्थ्यांना सांगणारे, आणि मागे उभे असलेले, पुढे पंतप्रधान झालेले वेन जियाबाओ. चेंगडूतील वृद्धांच्या आठवणीतले झाओ मात्र धान्याचे आहेत. 1975 मध्ये ते सिचुआनचे पक्षप्रमुख होऊन आले, तेव्हा 1959 ते 1961 च्या दुष्काळात अतोनात माणसे गमावलेल्या या सुपीक प्रांतात अन्नाची चणचण संपलेली नव्हती. त्यांनी शेतकऱ्यांना खाजगी वाफे वाढवू दिले, पिकाची जबाबदारी गटांकडे आणि पुढे कुटुंबांकडे जाऊ दिली, आणि काही कारखान्यांना नफ्याचा वाटा स्वतःकडे राखू दिला. धान्य हवे तर झियांगकडे जा, अशी म्हणच तेव्हा पडली (चिनीत धान्य म्हणजे ‘लियांग’, त्यामुळे यमक आपसूक जुळते). आपण सानशिंगद्वीचे संग्रहालय पाहायला ग्वांगहानला जालच. त्याच भागातील श्यांगयांग येथे 1980 मध्ये कम्यूनची (माओकाळातील सामुदायिक शेतीच्या सरकारी संस्थेची) पाटी उतरवली गेली, ती देशातील पहिली मानली जाते.

तरीही त्यांना संत ठरवण्याची घाई करू नये. 1959 च्या आरंभी दक्षिणेकडील ग्वांगदोंग प्रांतात असताना, शेतकऱ्यांनी धान्य दडवून ठेवले आहे असा अहवाल त्यांनीच दिला होता. माओंनी तो उचलून धरला आणि लपवलेले धान्य शोधण्याच्या त्या मोहिमेची किंमत उपाशी खेड्यांनी मोजली. 1988 ची किंमतसुधारणा (सरकारने ठरवलेल्या किमती मोकळ्या सोडणे) तेव्हाचे सर्वोच्च नेते डेंग झियाओपिंग यांच्या आग्रहाची होती, पण झाओ तिच्यासोबत उभे राहिले, आणि त्या वर्षी महागाई सरकारी आकड्यांनुसारही 18 टक्क्यांच्या वर गेली. माझ्या घरमालकीणबाई त्या उन्हाळ्यातील खरेदीची आठवण हसत सांगतात: त्यांच्या आईने इतक्या काड्यापेट्या आणि मीठ भरून ठेवले की ते पुढे कित्येक वर्षे संपले नाही. त्याच बाई लगेच पुढे म्हणतात की, त्यापूर्वी ‘त्या सचिवांच्या’ काळात पोटभर भात मिळू लागला होता. नाव त्या घेत नाहीत, आणि मीही विचारत नाही.

1989 विषयी त्या बोलत नाहीत. जूनमध्ये चेंगडूच्या मध्यवर्ती चौकाच्या परिसरातही रक्त सांडले होते, ही गोष्ट येण्यापूर्वी ठाऊक असलेली बरी. विद्यार्थ्यांचे आंदोलन दडपण्यासाठीच्या लष्करी कायद्याला नकार देणाऱ्या झाओंना त्याच महिन्यात दंगलीला पाठिंबा आणि पक्षात फूट असे दोन आरोप ठेवून पदांवरून काढले गेले. पुढील सुमारे सोळा वर्षे ते बीजिंगमधील आपल्या घरात नजरकैदेत राहिले आणि 17 जानेवारी 2005 रोजी वारले. अस्थींच्या दफनाला 2019 उजाडले. ते आरोप पक्षाने आजतागायत मागे घेतलेले नाहीत. म्हणूनच येथे त्यांची धोरणे नावाविना शिकवली जातात, आणि आपल्या तरुण सहकाऱ्यांपैकी बहुतेकांना ते नाव खरोखरच ठाऊक नसेल. त्यांचे अज्ञान हा ढोंगीपणा समजू नये.

एखाद्या वृद्धाने जेवताना स्वतःहून विषय काढला, तर शांतपणे ऐकावे, फोन खिशातच ठेवावा, आणि घरी येऊन तो प्रसंग मित्रांना वीचॅटवर कळवू नये.