चार अँटेनांचं झाड

प्रश्न: मी टेलिकॉमच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मिमोमध्ये, म्हणजे अनेक अँटेनांच्या रेडिओ संपर्कात, चार अँटेना एकाच फ्रिक्वेन्सीवर, एकाच वेळी वेगवेगळे सिंबॉल (माहितीचे आकडे) पाठवतात. घेणाऱ्याकडे ते मिसळून येतात. ते सुटे करायला ‘ट्री सर्च’ वापरतात म्हणे. यात झाड कुठून आलं?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर: हे झाड मला पुस्तकात कधी दिसलं नाही, वहीत गणित सोडवताना दिसलं. तूही पेन घेऊन बस.

चार अँटेना आणि ६४-क्वॅम, म्हणजे प्रत्येक सिंबॉलच्या ६४ शक्य किमती, धरलं, तर शक्यता होतात १,६७,७७,२१६. प्रत्येक वेळी एवढ्या तपासणं कुठल्याच चिपला परवडत नाही. म्हणून आधी चॅनल मॅट्रिक्सचं, म्हणजे कुठला सिग्नल कुठे किती पोचतो त्या तक्त्याचं, क्यूआर विघटन करतात; त्याने समीकरणं पायऱ्यांसारखी मांडली जातात. मग शेवटच्या समीकरणात एकच अज्ञात उरतो, त्याच्या वरच्यात दोन, असं वर चढत जातं. शेवटच्या अज्ञाताच्या जेवढ्या किमती, तेवढ्या खोडाच्या फांद्या. प्रत्येक फांदीला पुढच्या अज्ञाताच्या फांद्या. झालं झाड.

दोनच अज्ञात घेऊ. किमती –३, –१, १, ३, म्हणजे पानं, अर्थात क-खच्या पूर्ण जोड्या, सोळा. समीकरणं अशी: २क + ख = ७.१ आणि ०.५ख = १.१. नॉइजमुळे ती नेमकी जुळणार नाहीत, म्हणून दोन्ही बाजूंतल्या फरकाचा वर्ग मोजायचा, त्यालाच चूक म्हणू. ख = ३ घेतलं तर चूक ०.१६, सगळ्यात कमी. त्या फांदीवर क = ३ सर्वांत बरा, पण बेरीज जाते ३.७७ वर. आता ख = १ बघ: इथे आधी ०.३६, मग क = ३ ला फक्त ०.०१. एकूण ०.३७! ख = –१ ची चूक सुरुवातीलाच २.५६. पुढे उतरायचंच कशाला? अख्खी फांदी छाटायची. –३ चंही तेच. सोळापैकी दोन पानांपर्यंत जाऊन उत्तर हाती आलं, आणि तेही हमखास अचूक. पहिल्या पातळीवर जवळचं वाटलेलं ख = ३ चुकीचं निघालं, हे मात्र विसरू नकोस. पहिल्या अंदाजावर थांबणाऱ्या पद्धती नेमक्या इथेच फसतात.

यालाच स्फिअर डिकोडिंग म्हणतात. मूळ युक्ती फिंके आणि पोस्ट यांची, १९८५ची, जाळीतले (ठरावीक अंतरांवर मांडलेल्या बिंदूंमधले) छोटे सदिश शोधायची. व्हितेर्बो आणि बूत्रो यांनी १९९९मध्ये ती फेडिंग चॅनलला, म्हणजे सिग्नल कमी-जास्त होणाऱ्या रेडिओ मार्गाला, लावली. अडचण वेळेची आहे. नॉइज वाढला की छाटणी कमी होते आणि शोध लांबतो, पण चिपला उत्तर ठरलेल्या वेळेत हवं असतं. म्हणून के-बेस्टमध्ये प्रत्येक पातळीवर ठरावीक फांद्याच ठेवतात. त्यात खरी फांदी कधीतरी हातची जाते, तरी हार्डवेअरसाठी मी तोच मार्ग निवडेन.

आणखी एक, कारण मला त्याचं फार अप्रूप आहे: मिमोच्या अगदी सुरुवातीच्या पेटंटांपैकी एक १९९४मध्ये पॉलराज आणि कैलाथ यांना मिळालं. यातले थॉमस कैलाथ पुण्यात जन्मले आणि १९५६मध्ये पुण्याच्याच इंजिनीअरिंग कॉलेजातून तुझ्याच विषयात पदवीधर झाले.

आता ७.१ च्या जागी ८.४ घे. या वेळी पहिलंच पान जिंकेल, पण तरीही ख = १ च्या फांदीत उतरावं लागेल. का, ते मला लिहून पाठव.