बायकोला गरोदरपणात साखर निघाली होती? नवऱ्याने सुरुवात इथून करावी

बाळाबद्दल अभिनंदन, आणि बायकोला गरोदरपणात साखर निघाली होती, आता नवरा म्हणून मी काय करू, हे विचारलंत ते फार बरं केलंत. बाळंतपणानंतर बहुतेकींची साखर उतरते आणि सगळं घर निर्धास्त होतं. पहिली चूक तीच. टाइप २ मधुमेहाचा धोका पुढे अनेक वर्षं राहतो. म्हणून बाळंतपणानंतर ४ ते १२ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी (ग्लुकोजचं पाणी पिऊन दोन तासांनी रक्तातली साखर बघतात ती) करायचीच, आणि ती नॉर्मल आली तरी पुढे दर १ ते ३ वर्षांनी साखर तपासायची. ही तारीख तुमच्या फोनमध्ये हवी, तिच्या डोक्यात नको. उपाशीपोटी जाऊन दोन तास बसावं लागतं. तेवढ्या वेळात बाळाला कोण बघणार ते आदल्या दिवशीच ठरवा.

दुसरी चूक म्हणजे पहारेकरी होणं. "हे खाऊ नकोस" म्हणणारा आणि रात्री गुपचूप बिस्किटांचा पुडा फोडणारा बहुधा एकच असतो! तिच्यासाठी वेगळा स्वयंपाक नको. तिला चालतं तेच सगळ्यांच्या ताटात. गोड पेयं घरात आणूच नका.

सध्या एवढंच करा:

- रात्रीची एक पाळी तुमची. झोपच नसेल तर व्यायामाच्या गप्पा फोल.
- डॉक्टर हो म्हणाले की चालणं. दहा मिनिटांपासून हळूहळू आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत. सोबत हवी की एकटीला मोकळा वेळ, हे तिलाच विचारा.
- अंगावर पाजत असेल तर कडक डाएटचा आग्रह नको.

कार्ब (जेवणातले पिष्टमय-गोड पदार्थ) मोजणं, वजनाचे तक्ते वगैरे नंतर. चाचणी झाली की रिपोर्ट काय आला ते कळवा, पुढचं तेव्हा बोलू.